पैनगंगेकाठची हिमनदी

नागपूरच्या सदरमधून निघालं की दीडशे किलोमीटरवर चंद्रपूर. पारा ४५ अंशांपर्यंत चढणाऱ्या या मुलखात हिमनदी होती! पैनगंगेकाठी इरईजवळ चुनखडकाच्या गुळगुळीत पाठीवर समांतर ओरखडे दिसतात. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी भारत दक्षिण ध्रुवाच्या बाजूला, गोंडवन भूखंडात होता (हे नावही गोंडांच्या मुलखावरूनच पडलं). तेव्हा सरकत्या बर्फाच्या तळाशी अडकलेल्या दगडांनी हा खडक खरवडला. फेडन या भूवैज्ञानिकाने १८७५मध्ये त्याविषयी लिहिलं. बर्फ मागे हटला, गोटे आणि गाळ इथेच राहिले. पुढे ग्लॉसॉप्टेरिस या झाडांची जंगलं वाढली. चंद्रपूरच्या खाणींतला कोळसा त्यांचाच. बघायला जाल तर सकाळच्या तिरप्या उन्हात जा, ओरखडे उठून दिसतात. खडकाला हातोडी मात्र लावू नका.