उत्तरेचा उजेड आणि शेवटचं सत्र

कला महाविद्यालयातल्या स्टुडिओचं नूतनीकरण ज्येष्ठ प्राध्यापकाच्या निवृत्तीआधीच्या शेवटच्या सत्रातच काढावं. स्टुडिओचं मुख्य साधन म्हणजे त्याचा उजेड, आणि तो नकाशात दिसत नाही. उत्तर गोलार्धात उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन कमी येतं, त्यामुळे मॉडेलच्या गालावरची छटा तासाभराने फारशी बदलत नाही. मुंबई मात्र सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्यही डोक्यावरून किंचित उत्तरेकडे झुकतो आणि सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन याच खिडकीतून आत शिरतं. उत्तरेच्या उजेडाचा युरोपातला नियम इथे जसाच्या तसा चालत नाही. इथला उजेड वापरातूनच उमगतो, आणि तो अनुभव जुन्या प्राध्यापकाकडे असतो.

आता उत्तम रंग दाखवणारे एलईडी दिवे मिळतात, मग खिडकीची एवढी मातब्बरी कशाला, असं कोणी म्हणेल. संध्याकाळच्या वर्गाला ते दिवे हवेतच. पण छतावरच्या दहा दिव्यांच्या दहा सावल्या पडतात आणि नाकाचा उठाव हरवतो. निवृत्त होणारा प्राध्यापक जुन्यालाच धरून बसेल, ही भीतीही अगदी खोटी नाही. म्हणून त्याला निर्णयाचा नव्हे, नोंदीचा अधिकार द्यावा: ईझल कुठे, मॉडेलचा चौथरा कुठे, कोणत्या महिन्यात कोणता पडदा ओढायचा, टर्पेंटाइनचा वास कोणत्या खिडकीतून बाहेर जातो. ही नोंदवही हाती आल्याशिवाय कंत्राटदाराने भिंतीला हात लावू नये.