रूममेटचं अप्रेझल

मार्च आला की आमच्या ऑफिसात सगळ्यांचे चेहरे उतरतात. अप्रेझल! वर्षभराची मरमर १ ते ५ मधल्या एका आकड्यात. यंदा मला ३ मिळाला. घरी येऊन कुरकुर केली, तर पीएचडी करणारी माझी रूममेट हसली, "आमचं अप्रेझल जन्मभर चालतं गं. एच-इंडेक्स!"

प्रकरण सोपं आहे. इतरांनी प्रत्येकी किमान २० वेळा संदर्भ दिलेले तुमचे २० पेपर्स असतील, तर तुमचा एच-इंडेक्स २०. हे माप २००५ मध्ये जॉर्ज हर्श या फिजिसिस्टने सुचवलं. नोकरी, बढती देताना ते आजही बघतात.

गंमत म्हणजे त्याच वर्षी कॅटालिन कारिको आणि ड्र्यू वाइसमन यांचा पेपर 'इम्युनिटी'त छापून आला. एमआरएनएमध्ये छोटासा बदल केला, तर शरीर त्याच्यावर तुटून पडत नाही, हा त्यातला शोध. तेव्हा फारसं कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. त्याआधी, १९९५ मध्ये, ग्रँट मिळत नाही म्हणून पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीने कारिकोंना एक पायरी खाली उतरवलं होतं. बाई तरी प्रयोग करतच राहिल्या.

२०२० मध्ये एमआरएनएच्या कोविड लशी आल्या त्या याच शोधाच्या जोरावर. २०२३ मध्ये दोघांना नोबेल! आता त्याच पेपरचे हजारो संदर्भ दिले जातात. पेपरमधला शब्दही बदललेला नाही.

अर्थात, ३ मिळालेली प्रत्येक जण कारिको नसते. मी तर नाहीच! पण त्या रात्री झोप मात्र छान लागली.