पडद्यावरील बेसबॉल

१९९० नंतरच्या दहा वर्षांत आमच्या रत्नागिरींतील पुष्कळ मध्यमवर्गीय घरांत दूरदर्शन-संचाशेजारीं एक लहानशी प्लॅस्टिकची पेटी येऊन बसली. मीडिया, समुराई, लिटल मास्टर अशा नांवांनीं ती विकली जाई. मुलें तिला सरसकट ‘व्हिडिओ गेम’ म्हणत, आणि तिच्या डोक्यावरील खांचेंत जी चौकोनी वडी खोंचावयाची तिला ‘कॅसेट’ म्हणत, जरी त्या वडींत फीत मुळींच नसे. कांहीं कॅसेटींवर ‘९९९९ खेळ’ असें ठळक छापलेलें असे. गणित शिकविण्यांत जन्म घालविलेल्या माणसाला हा आंकडा पाहून संशय यावयाचा तो आलाच. यादी चाळून पाहिली तों तेच थोडके खेळ निरनिराळ्या नांवांनीं पुनःपुन्हां मांडलेले! त्या थोडक्यांत पुष्कळदां एक खेळ असा असे, कीं मुलें तो उघडीत, पांच मिनिटें पाहत आणि ‘हें क्रिकेट बिघडलेलें आहे’ असा निकाल देऊन बंद करीत. तो खेळ बेसबॉलचा. त्या उपेक्षित खेळाविषयीं आज चार शब्द बोलावयाचे योजिलें आहे.

मुलांकडे दोष नव्हता. नियम सांगणारें घरांत कोणी नव्हतें, आणि पडद्यावर उमटणारी अक्षरें परकी. माझ्या वर्गांतील एका मुलानें मला त्या काळीं विचारलें होतें, “गुरुजी, मीं बॅट फिरविलीच नाहीं, तरी माझा माणूस आपोआप पुढें कां चालूं लागतो?” प्रश्न उत्तम होता. सारा खेळ त्या एका प्रश्नांत आहे. त्याचें उत्तर यथाक्रम येईलच.

ती पेटी मूळच्या एका जपानी यंत्राची नक्कल होती. क्योतो येथील निंटेंडो कंपनीनें १५ जुलै १९८३ रोजीं ‘फॅमिली कॉम्प्युटर’, संक्षेपानें फॅमिकॉम, हें यंत्र १४,८०० येन किमतीस विक्रीस काढिलें, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत त्यावरील ‘बेसबॉल’ बाहेर आला. आपल्याकडे क्रिकेटचें जें स्थान तेंच जपानांत बेसबॉलचें. तेव्हां घरगुती यंत्रावर पहिल्या वर्षींच हा खेळ यावा हें स्वाभाविक होतें.

आतां मूळ खेळ पाहूं. मैदान उघडलेल्या जपानी पंख्यासारखें. पंख्याच्या मुठीशीं होम प्लेट. तेथून ९० फुटांवर पहिला बेस, तितक्याच अंतरांवर दुसरा व तिसरा, आणि पुन्हां होम, असा चौरस. गोलंदाजास पिचर म्हणतात. तो ६० फूट ६ इंचांवरून, टप्पा न पाडतां चेंडू फेंकतो. चेंडू प्लेटवरून योग्य उंचीनें गेला व फलंदाजानें सोडला, किंवा बॅट फिरवून तो चुकला, तर एक ‘स्ट्राइक’. तीन स्ट्राइक झाले कीं गडी बाद. तीन गडी बाद झाले कीं दुसऱ्या पक्षाची पाळी. दोन्ही पक्षांच्या अशा नऊ नऊ पाळ्या. चारी बेस फिरून गडी घरीं परतला म्हणजे एक धाव. पंख्याच्या दोन कडांबाहेर मारलेला चेंडू व्यर्थ जातो. क्रिकेटमधला लेग ग्लान्स किंवा लेट कट येथें कवडीमोल! विटीदांडूंत जशी विटी समोरच कोलावी लागते, तसाच हा प्रकार.

आणि येथेंच एक मौज आहे. जो नियम क्रिकेटप्रेमी माणसास जाचक वाटतो, तोच पडद्यास सोईचा ठरला. क्रिकेटचें मैदान फलंदाजाच्या चोहोंबाजूंस; तें सबंध पडद्यावर आणावें तर माणसें मुंगीएवढीं दिसणार, आणि फलंदाजाच्या पाठीमागून देखावा दाखवावा तर अर्धें मैदान पाहणाऱ्याच्याहि पाठीमागें राहणार. बेसबॉलचें सारें मैदान फलंदाजाच्या दृष्टीपुढें. म्हणून पाठीमागून पाहिलेला पिचर, आणि चेंडू मारल्यावर उंचावरून पाहिलेला पंखा, अशा दोन देखाव्यांत सबंध खेळ मावतो. त्या काळच्या दुर्बळ यंत्रांना यापरता अनुकूल मैदानी खेळ सांपडणें कठीणच होतें.

दुर्बळ म्हणजे किती, तेंहि ऐका. फॅमिकॉमची चालती स्मरणशक्ति अवघी २ किलोबाइट, म्हणजे २०४८ इंग्रजी अक्षरांची. छापील एका पानाएवढी. पडदा रुंदींत २५६ ठिपक्यांचा व उंचींत २४० ठिपक्यांचा. हलणारीं चित्रें ८ ठिपके रुंदीच्या तुकड्यांचीं बनत, आणि एका आडव्या रेघेंत असे तुकडे ८ हून अधिक यंत्रास काढतां येत नसत. एक खेळाडू दोन तुकड्यांइतका रुंद धरला, तर चार खेळाडू एका ओळींत आले कीं रेघ भरली. पांचवा दिसेनासा व्हावयाचा. म्हणून यंत्र आळीपाळीनें एकेकास वगळी, आणि पाहणाऱ्यास खेळाडू लुकलुकतांना दिसत. ‘पेटी बिघडली’ म्हणून ती दुरुस्तीस नेणारे पालक मला ठाऊक आहेत. पेटी बिघडलेली नसे. ती आपल्या ऐपतीप्रमाणें संसार करीत असे.

चेंडू बॅटला लागला हें यंत्र ठरवितें कसें? चेंडूचें वजन, बॅटचें लांकूड यांपैकीं कांहींच त्यास ठाऊक नाहीं. त्याच्यापाशीं केवळ अंक. जपानांतील व अमेरिकेंतील पद्धतींत तें सेकंदास सुमारें ६० चित्रें काढी; प्रत्येक चित्राच्या वेळीं चेंडू कोठें आहे आणि बॅट किती वळली आहे, हे दोन अंक ताडून पाही. जुळले तर टोला. उजव्या हातानें खेळणाऱ्याची बॅट अंमळ लवकर आली तर चेंडू डावीकडे, उशिरां आली तर उजवीकडे. खऱ्या मैदानावर ताशीं ९० मैल वेगाचा चेंडू प्लेटपाशीं पोंचावयास सुमारें ०.४ सेकंद लागतात. म्हणजे सुमारें २५ चित्रें. मनुष्याला पाहून हात हलविण्यास त्यांतलीं निदान १२ चित्रें खर्चावीं लागतात. उरलेल्या बारातेरा चित्रांत निर्णय करावयाचा! म्हणून असल्या खेळांत चेंडू मुद्दाम मंद केलेला असतो. आपल्याकडील दूरदर्शनची पद्धत सेकंदास ५० चित्रांची. जी पेटी त्या मापानें चाले, तिच्यावर तोच चेंडू आणखी एक षष्ठांश मंदावे. ओसाकांतील मुलापेक्षां रत्नागिरींतील मुलास विचाराला अधिक अवकाश होता, आणि तरी तो हरत होता!

पहिल्या ‘बेसबॉल’मध्यें सहा संघ होते, पण त्यांना नांवें नव्हतीं, केवळ एकेक आद्याक्षर, आणि गणवेशाच्या रंगापलीकडे त्यांत भेद नव्हता. क्षेत्ररक्षक आपोआप धांवत. खेळणाऱ्यानें फक्त चेंडू कोणत्या बेसकडे फेंकावयाचा तें सांगावें. हा शुष्कपणा नामको कंपनीनें १९८६ च्या डिसेंबरांत घालविला. योशिहिरो किशिमोतो यांनीं रचिलेल्या ‘फॅमिली स्टेडियम’ या खेळांत प्रत्येक खेळाडूस स्वतःचे अंक मिळाले: हा दमदार टोलेबाज, हा चपळ धांवणारा, ह्या पिचरचा चेंडू वेगवान पण तो लवकर थकणारा. माणसें बुटकीं, लठ्ठ, बाहुल्यांसारखीं. पण आंतील अंकांमुळें त्यांना स्वभाव आला. हाती सुटलेला चेंडूहि हवेंतल्या हवेंत डावीउजवीकडे वळवितां येऊं लागला. खऱ्या बेसबॉलमध्यें हें अशक्य. पण समोरासमोर बसलेल्या दोन भावंडांत यानें जी चुरस उत्पन्न होते ती खरीच असते.

हाच खेळ १९८८ सालीं टेंजेन कंपनीनें अमेरिकेंत ‘आर.बी.आय. बेसबॉल’ या नांवानें आणिला. त्यांत खेळाडूंचीं नांवें खरीं होतीं, परंतु संघांचीं नव्हतीं. बोस्टन, डेट्रॉइट, ह्यूस्टन एवढींच शहरांचीं नांवें. कारण परवानगी खेळाडूंच्या संघटनेची होती, संघांच्या मालकांची नव्हती. मनुष्याचें नांव एकाच्या मालकीचें आणि त्याच्या टोपीवरील चिन्ह दुसऱ्याच्या. हापूसचें नांव कोणत्या जिल्ह्यांनीं लावावें यावरून इकडे झालेला वाद, आणि २०१८ सालीं मिळालेलें भौगोलिक मानांकन, ज्यांना आठवतें त्यांना ही भानगड नवी वाटणार नाहीं.

अशा खेळांस ‘आर्केड’ धर्तीचे म्हणतात. आर्केड म्हणजे नाणें टाकून खेळावयाच्या यंत्रांचें दुकान. तेथें खेळ लांबला तर मालकाचें नुकसान. म्हणून सर्व कांहीं झटपट, समजण्यास सोपें. घरांत नाणें गेलें, पण झटपटपणा राहिला. ‘आर.बी.आय.’ मध्यें दहा धावांची आघाडी झाली कीं सामना तेथेंच संपतो. याउलट दुसरा वर्ग हुबेहुबपणाचा, ‘एम.एल.बी. द शो’ हा त्यांतला ठळक. त्यांत गवताचें पातें न्‌ पातें दिसतें, आणि शिकतां शिकतां सुटी संपते. घरांत नातवंडांसाठीं निवड करावयाची तर मी पहिला वर्ग निवडीन. तो अर्ध्यापाऊण तासांत आटोपतो, दोघांना शेजारीं बसवितो, आणि आजोबांनाहि त्यांत हात घालतां येतो. कॅनडांत रचिलेला २०१४ चा ‘सुपर मेगा बेसबॉल’ हा त्याच परंपरेंतला.

आतां त्या मुलाचा प्रश्न. पिचरनें प्लेटबाहेर टाकलेला व फलंदाजानें सोडलेला चेंडू ‘बॉल’ गणला जातो, आणि असे चार झाले म्हणजे फलंदाज चालत पहिल्या बेसवर जातो. त्याचा माणूस चालूं लागला तो यामुळें. आमचीं मुलें क्रिकेटच्या संवयीनें प्रत्येक चेंडूवर बॅट फिरवीत. प्लेटबाहेरचेहि चेंडू मारावयास जात, तीन स्ट्राइक ओढवून घेत, आणि यंत्रास पक्षपाती म्हणत. न मारण्याचें इतकें रोख मोल देणारा दुसरा चेंडूफळीचा खेळ माझ्या पाहण्यांत नाहीं. महाराष्ट्रांतील शालेय स्पर्धांत सॉफ्टबॉल व बेसबॉल हे दोन्ही खेळ खेळले जातात. पडद्यावर ज्याला ‘सोडणें’ उमगलें, त्याला मैदानावर निदान नियम तरी नव्यानें शिकवावे लागत नाहींत.

ज्यांच्या माळ्यावर जुनी पेटी पडली असेल त्यांच्यासाठीं एक सूचना. आमच्या खाऱ्या, दमट हवेंत कॅसेटीच्या धातूच्या पट्ट्यांवर मळ धरतो. मुलें त्यावर तोंडानें फुंकर घालीत. तसें करूं नये, श्वासांतील ओल पट्ट्यांस अधिकच खाते. कापसाच्या बोळ्यास थोडें स्पिरिट लावून पट्ट्या हलक्या हातानें पुसाव्या, पुरत्या वाळूं द्याव्या, मगच कॅसेट बसवावी. खेळ सुरू झाला कीं पहिले दोन चेंडू बॅट न हलवितां जाऊं द्यावे आणि ते प्लेटच्या कोणत्या बाजूनें जातात तेवढेंच पाहावें.