इन्सुलिन आणि आहार : प्रमाण व वेळ यांचा मेळ

१९२१ साली कॅनडातील टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट यांच्या संशोधनातून इन्सुलिन हाती आले. तोपर्यंत मधुमेही बालकांना अर्धपोटी ठेवून आयुष्याचे काही दिवस वाढविणे, एवढेच वैद्यकाच्या हाती होते. इन्सुलिनने ही उपासमार संपविली. आहाराचे महत्त्व मात्र कमी झाले नाही.

निरोगी शरीरात स्वादुपिंड गरजेनुसार इन्सुलिन पुरविते. टोचलेल्या इन्सुलिनला ही जाण नसते. पोटात अन्न असो वा नसो, ते रक्तातील साखर उतरवीतच राहते. साधे अल्पकालीन इन्सुलिन सुमारे अर्ध्या तासाने कार्य सुरू करते आणि दोन ते चार तासांत त्याचा प्रभाव सर्वाधिक असतो. म्हणून ते जेवणापूर्वी अर्धा तास घेतात. इतर प्रकारांच्या वेळा भिन्न असल्याने त्या डॉक्टरांकडून समजून घ्याव्यात.

रक्तशर्करा मुख्यतः पिष्टमय पदार्थांनी वाढते. ज्वारीची भाकरी पथ्याची म्हणून कितीही खावी, हा समज चुकीचा आहे; १०० ग्रॅम ज्वारीतही सुमारे ७० ग्रॅम पिष्टमय पदार्थ असतात. गूळ व मध हीदेखील साखरच होय. भात वर्ज्य नाही, पण तो मोजून घ्यावा आणि त्या प्रमाणात भाकरी कमी करावी. रोजचे प्रमाण शक्यतो सारखे ठेवून सोबत उसळ, पालेभाजी, कोशिंबीर व ताक घ्यावे.

उपवासाच्या दिवशी विशेष सावधगिरी हवी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्याने साखर झपाट्याने वाढते. उलट, नेहमीचे इन्सुलिन घेऊन निराहार राहिल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. तथापि, इन्सुलिन आपल्या मनाने बंद करणेही घातक ठरू शकते. उपवास करावयाचाच असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

घाम, थरथर, छातीत धडधड, भूक वा गोंधळल्यासारखे वाटणे ही साखर उतरल्याची लक्षणे होत. रक्तशर्करा ७० मिलिग्रॅमहून कमी झाल्यास तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे व नंतर काही खावयास द्यावे. रुग्ण बेशुद्ध असल्यास तोंडात काहीही न घालता त्यास तात्काळ रुग्णालयात न्यावे.

शेतावर जाताना वा प्रवासात साखरेची पुडी जवळ असावी आणि तिचा उपयोग घरातील प्रत्येकास ठाऊक असावा. एवढी दक्षता घेतल्यास मधुमेही व्यक्ती घरच्याच ताटात, सर्वांच्या पंक्तीस बसून जेवू शकते.