फाशीनंतरचा खटला

१४ ऑगस्ट २००४ रोजी कोलकात्याच्या अलीपूर तुरुंगात धनंजय चटर्जीला फाशी झाली. १९९० साली एका शाळकरी मुलीवर बलात्कार करून तिचा खून केल्याबद्दल या पहारेकऱ्याला दोषी ठरवले होते. तो शेवटपर्यंत स्वतःला निर्दोष म्हणत राहिला. पुढे भारतीय सांख्यिकी संस्थेच्या दोन प्राध्यापकांनी पुराव्यांवर शंका घेतली. २०१७ मध्ये अरिंदम शील यांच्या ‘धनंजय’ या बंगाली चित्रपटात एक वकील तरुणी हा खटला पुन्हा लढवते. अनिर्बान भट्टाचार्यच्या अभिनयाचे कौतुक झाले. पण आरोपीबद्दल हळहळताना मारल्या गेलेल्या मुलीला विसरायचे का? न्यायालयाचा निकाल आजही कायम आहे. शंका खरी ठरली तरी फाशी मागे घेता येणार नाही, हीच प्रेक्षकाला सतावणारी गोष्ट!