दादांची उर्दू, नातीची मराठी

परभणीतल्या एखाद्या घरातली जुनी पेटी उघडली, की दादांचे शाळेचे कागद उर्दूत निघतात. नातीची गुणपत्रिका मात्र मराठीत असते. हा बदल कसा झाला?

इब्न खल्दून (१३३२–१४०६) यांनी ‘मुकद्दमा’त दोन कारणे दाखवली. लोक राज्यकर्त्यांच्या चालीरीती उचलतात आणि पोटापाण्याचे साधन बदलले की राहणीही बदलते. आपल्याकडे दोन्ही घडले. निजामाच्या राज्यात कारभार उर्दूत चाले. अनेक हिंदू मुलेही उर्दूतच शिकत. सप्टेंबर १९४८ मध्ये ती राजवट संपली. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला, १९६० साली महाराष्ट्रात आला. नोकरीसाठी मराठी लागू लागली आणि घराघरांतून ती शिकली गेली. त्यासाठी नमाज सुटली नाही, घरची दखनी बोलीही गेली नाही.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ विल्यम ऑगबर्न यांनी १९२२ मध्ये आणखी एक गोष्ट मांडली: वस्तू झटकन बदलतात, विचार मागे रेंगाळतात. आपल्याच घरात पाहा. मोबाइल प्रत्येकाच्या हाती आला. पण ‘कॉलेज लांब आहे’ म्हणून काही घरांत मुलीचे शिक्षण दहावीलाच थांबते. भाऊ मात्र त्याच रस्त्याने कॉलेजला जातो. ज्या घरांनी एका पिढीत शाळेची भाषा बदलली, त्यांना हे बदलणे अवघड का जावे?