भिंत त्याची, चित्र गल्लीचं

ऑफिसच्या कामासाठी अमेरिकेत पोर्टलंडला होते, तेव्हाची गोष्ट. रूममेट म्हणाली, ‘चल, कोपऱ्यावरच्या कॉफी शॉपच्या भिंतीची मीटिंग आहे.’ भिंतीची मीटिंग?

तर 1998 मध्ये एका होर्डिंग कंपनीने शहरावर केस ठोकली. म्युरल्सना मोकळीक आणि आमच्या जाहिरातींनाच नियम का? कोर्टालाही ते पटलं. झालं, चित्रांनाही जाहिरातींचे नियम लागले! भिंत स्वतःची, तरी मोठं चित्र काढायची पंचाईत. 2009 मध्ये वाट निघाली. 50 डॉलर फी, चित्र पाच वर्षं ठेवायचं, मालकाने भिंतीचं भाडं घ्यायचं नाही. चित्राचा विषय शहर विचारतच नाही. फक्त आधी शेजाऱ्यांना बोलावून दाखवायचं. आणि गंमत म्हणजे, शेजाऱ्यांना ‘नाही’ म्हणायचा अधिकारच नाही!

मग यायचं कशाला, असं मलाही वाटलं. पण समोरच्या आजी स्केच बराच वेळ न्याहाळत होत्या. ‘माझ्या खिडकीतून रोज हेच दिसणार. तो निळा जरा कमी भडक कर ना.’ चित्रकार पोराने वहीत लिहून घेतलं.

भिंत रंगू लागली तेव्हा आजी सगळ्यांसाठी लेमोनेड घेऊन हजर. निळा अजून भडकच आहे, हे सांगायला विसरल्या नाहीत.